पुलाअलीकडे

बातमी कळली तेव्हा मी बल्ब घ्यायला गेले होते. स्वयंपाकघरातला दिवा आदल्या संध्याकाळपासून फडफडत होता, आणि शाळेतून घरी येताना विजेच्या सामानाचं दुकान वाटेतच लागतं. दुकानदाराने बल्ब लावून दाखवला, काढला, खोक्यात घातला, आणि खोकं माझ्या हातात देता देता म्हणाला, "बाई, ऐकलंत का? गाडी परत येतेय."

"कुठली गाडी?"

"कुठली म्हणजे? आपली! नुसती परत नाही, आधीपेक्षा जास्त फेऱ्या, डबेही जास्त. बसला विटले लोक. आता कुठे कंपनीला जाग आली."

"बरीच गाढ झोप लागली होती म्हणायची."

"झोपणारच ना. रिकामे डबे ओढून कुणाचं पोट भरतं? इंजिनाला काय, आत माणूस असो की हवा." मग तो जरा घुटमळला. "काका असायला हवे होते," असं म्हणून तो घाईघाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

काका म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

पुढचं सगळं कळायला आमच्या गाडीतली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आमचं गाव शहराच्या शेपटाला बांधल्यासारखं आहे. सकाळी माणसं नदीकाठच्या रुळांवरून शहरात जायची, दिवसभर राबायची आणि संध्याकाळी परत यायची. परतीच्या गाडीत निम्मा डबा झोपलेला असे. कुणाचं स्टेशन कुठलं हे सगळ्यांना पाठ. जो जागा असेल त्याने झोपलेल्याला उठवायचं. खांद्यावर दोनदा हलकं थोपटायचं, 'उठा, आलं' म्हणायचं आणि लगेच पुढे व्हायचं. तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस जागा होताना ओशाळतो, तेव्हा त्याच्याकडे बघत उभं राहू नये म्हणून. त्यामुळे आपल्याला कुणी उठवलं हे पुष्कळदा कळायचंही नाही. विचारायचं नसे आणि आभारही मानायचे नसत.

ह्यांना गाडीत कधी झोप लागली नाही. शहरात एका कचेरीत नकाशे काढायचं त्यांचं काम. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस संध्याकाळी पेंगायला हवा, पण नाही. डबाभर हिंडून लोकांना उठवत यायचे. गजरकाका हे नाव त्यामुळेच पडलं. घरी मात्र सकाळी ह्यांना उठवता उठवता माझ्या नाकी नऊ यायचे, ते कुणाला माहीत!

मग लोक कमी झाले. काही घरूनच काम करू लागले, काहींना मोठ्या रस्त्यावरची बस बरी वाटू लागली. आधी डबे कमी झाले, मग फेऱ्या. "उठवायला कुणी उरलंच नाही ग," असं हे एकदा बूट काढता काढता म्हणाले होते. एके दिवशी गाडी बंदच झाली. हे बसने जाऊ लागले, तेही फार दिवस नाही. नोकरी सुटली आणि आजारपण आलं. शेवटच्या दिवशी आमची मुलगी शहरात होती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत ती काम करते. गाडी नाही म्हणून तिथेच खोली घेऊन राहायची. मी फोन केला, ती निघाली, बस वाटेत अडकली. हे सारखे विचारत होते, "पोरगी आली का?" मी म्हणत होते, येतेय. शेवटी त्यांनी विचारायचं थांबवलं. ती आली तेव्हा शेजाऱ्यांच्या चपला दाराबाहेर जमायला लागल्या होत्या, आणि त्या चपला पाहूनच तिला कळलं.

तर बल्ब घेऊन मी घरी आले, आणि बल्ब लावायच्या आधी तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, खोली सोडते मी. घरून जाईन-येईन."

"दगदग होईल ग."

"होऊ दे. गाडीत झोपेन की. बापाची मुलगी असले तरी झोप तुझी घेतलीय."

रिकाम्या घरात एक माणूस परत येणार, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

गाडी सुरू झाली, पण स्टेशन जुन्या जागी राहिलं नाही. जुनं स्टेशन पुलाच्या अलीकडे, म्हणजे शहराकडून येताना नदी ओलांडायच्या आधी, वळणावर होतं. लांब गाडीला तो फलाट पुरेना. म्हणून नवा फलाट पूल ओलांडल्यावर, वरच्या अंगाला बांधला. जुना उखडून टाकला. तिथे आता रुळांच्या कडेला एकदम उतार आहे आणि खाली नदीतले धोंडे. पुलाचं काम अजून चालू असल्याने गाडी तिथे, अगदी जुन्या जागीच, सिग्नलसाठी क्षणभर थांबते आणि मग दबकत पूल ओलांडते. नवे डबे यायचे होते. तोवर जुनेच डबे रंग मारून आणले होते. त्यांची दारं हाताने उघडतात.

पहिले काही आठवडे बरे गेले. ती संध्याकाळी यायची, हातपाय धुवायची, जेवता जेवता प्रयोगशाळेतल्या गमती सांगायची. एकदा मी सहज विचारलं, "झोपतेस म्हणतेस, मग स्टेशन चुकत कसं नाही?"

"उठवतात ना."

"कोण?"

"कुणीतरी. खांद्यावर थोपटतात. डोळे उघडेपर्यंत पुढे गेलेले असतात."

मी पोळी तव्यावरच ठेवून वळले. "बाई की पुरुष?"

"आई!" ती हसली. "तू पोलिसात जायला हवं होतंस. वह्या तपासण्यात आयुष्य फुकट घालवलंस."

"हात कसा असतो?"

"हातासारखा असतो."

ती हसत होती, पण इकडे तव्यावरची पोळी करपली. ती शेवटच्या डब्यात बसते. गाडी परत आली तरी माणसं अजून पुरती परतलेली नव्हती. पुढचे डबे बऱ्यापैकी भरत, शेवटचा जवळपास मोकळाच असे. तिथे झोपलेल्या मुलीच्या खांद्यावर रोज हात ठेवणारा आणि तोंड न दाखवणारा कोण? रीत जुनी होती खरी. पण रीत ठाऊक असलेली माणसं आता राहिली होती कुठे?

दुसऱ्या दिवसापासून मी तिला आणायच्या निमित्ताने फलाटावर जाऊ लागले. शेवटच्या डब्यातून माझी मुलगी आणि शिवणकाम करणाऱ्या एक मावशी, अशा दोघीच उतरायच्या. मावशी शहरातल्या दुकानासाठी कपडे शिवतात. मांडीवर गाठोडं घेऊन त्या जाग्या बसतात. त्यांना गाठून विचारलं.

"मी नाही बाई उठवत," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हीच कुणाला तरी सांगून ठेवलंय."

"कुणाला सांगणार?"

"ते बघितलं नाही. मी आपली सुईत डोळे घालून बसलेली. पण ती उठायच्या आधी डब्यात पायांचा आवाज होतो खरा. मागून पुढे."

"मागे कोण बसतं?"

मावशींनी गाठोडं ह्या काखेतून त्या काखेत घेतलं. "मागे कुणी बसत नाही," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

मागे गार्डची खोली असते. माझा संशय गार्डवर गेला. पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस. फलाटावर उभा राहून हिरवा दिवा दाखवत होता, तेव्हा मी सरळ विचारलं, "माझ्या मुलीला रोज तुम्ही उठवता का?"

"मी? मी माझ्या खोलीतून हलत नाही हो. सिग्नल कोण बघणार?"

"मग कोण उठवतं?"

"अहो बाई, मी तिच्या बापाच्या वयाचा आहे."

"म्हणूनच विचारते."

तो दुखावला. पाठ फिरवून गाडीत चढला. पण चार दिवसांनी तोच, गाडी थांबल्याबरोबर, घाईने माझ्याकडे आला. त्याच्या एका हातात दिवा होता आणि दुसऱ्या हाताने त्याने माझ्या मुलीचं मनगट धरलं होतं.

"तुमची मुलगी झोपेत चालते का हो?"

"नाही. का?"

"पुलाअलीकडे दार उघडून उभी होती. एक पाय बाहेर. मी खिडकीतून बघितलं म्हणून..." त्याने मागे पुलाकडे दिवा दाखवला. "मी हाक मारली तर म्हणते, आलं ना स्टेशन. कुठलं स्टेशन? खाली नदी आहे!"

मुलगी ओशाळून हसत होती. "काका, चुकून झालं. उठवलं म्हणून उठले. रोज दारापाशी जाईपर्यंत पूल मागे पडलेला असतो. अंधारात काय कळतंय!"

"कुणी उठवलं?" गार्ड आणि मी एकदमच म्हणालो.

तिने गार्डच्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

घरी मी तिला म्हटलं, तू परत खोली घे. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग पुढच्या डब्यात बस. ती म्हणाली, तिथे गोंगाट असतो, झोप लागत नाही, आणि पहाटे उठून मला परत जायचं असतं. "एकदा चूक झाली तर इतकं काय ग?" तिचा आवाज चढला, मग उतरला. "मला घरी राहायचंय, आई. तेव्हा नव्हते ना मी."

मी तिचं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर सुटून मी बसने शहरात गेले आणि परतताना तिच्याबरोबर गाडीत बसले. कोण आहे ते डोळ्यांनी बघायचं, असं ठरवून. थंडीचे दिवस होते. गाडी सुटली तेव्हा उजेड होता, नदीकाठाला लागेपर्यंत तो विरून गेला. डब्यातले दिवे पिवळट, गाडी हळू झाली की तेही मंदावणारे. नव्या रंगाखालून गंजाचा वास येत होता. मावशी त्यांच्या जागी होत्या. मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली. मी तिच्यासमोर न बसता पलीकडच्या बाकावर, डब्याचं मागचं टोक दिसेल अशी बसले. टोकाला गार्डच्या खोलीचं बंद दार होतं आणि त्याच्या अलीकडे ओळीने रिकामी बाकं.

एकेक स्टेशन मागे पडलं. कुणी चढलं नाही. मी डोळा लवू दिला नाही, हे शपथेवर सांगते.

वळण आलं. ब्रेक लागले, चाकं किंचाळली आणि लोखंड जळल्याचा वास आला. दिवे मंद झाले. तेवढ्यात मावशींची सुई थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही, उलट मान आणखी खाली घातली... आणि मग मलाही ऐकू आलं. बुटांचा आवाज. घाई नाही, दबकणं नाही. ओळखीच्या घरात माणूस चालतो तसा, मागून पुढे, बाकांमधून, माझ्या अगदी शेजारून.

मला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागली नाही.

आवाज मुलीच्या बाकापाशी थांबला. तिच्या अंगावर लोकरीचा स्वेटर होता. त्या स्वेटरची लोकर खांद्यावर दबली. वर आली. पुन्हा दबली.

मुलगी उठली. डोळे मिटलेले. पिशवी खांद्याला लावली, केस मागे सारले, रोज उतरताना करते तसं सगळं नीट केलं आणि दाराकडे गेली. गाडी थांबली होती. तिने कडी काढली. दार उघडलं आणि नदीवरची गार हवा आत आली. मी हाक मारायला थांबले नाही. मी मागून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि खाली बसले, तिला घेऊनच.

उघड्या दारातून मी बाहेर पाहिलं. उतार, धोंडे आणि पाण्याची अंधुक रेघ. फलाट नव्हता. पण बुटांचा आवाज खाली उतरला. फरशीवर वाजतात तशा टाचा वाजल्या. जरा पुढे गेल्या. आणि थांबल्या... बरोबरचं माणूस मागे राहिलं की आपण वळून थांबतो ना, तशा.

मी वास शोधला. खोटं कशाला सांगू, त्या भीतीतही शोधला. ह्यांच्या कपड्यांना पेन्सिलीच्या भुशाचा वास असायचा. कितीही धुवा, जायचा नाही. तो आला असता तर मी कदाचित हात सैल सोडले असते. नदीचा वास येत होता, आणि जळलेल्या लोखंडाचा. दुसरा कसलाच नाही.

सिग्नल पडला. गाडी हलली. मावशींनी येऊन दार ओढून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आवळून धरा."

त्यानंतर मावशी पुढच्या डब्यात बसू लागल्या. शेवटच्या डब्यात ऊन लागतं म्हणे. संध्याकाळच्या गाडीत कसलं ऊन?

घरी आल्यावर मुलगी बराच वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसली. मला वाटलं, घाबरली. पण तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा निवळलेला होता. इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"आई, बाबा आहेत ते."

मी तिच्या हातातला पेला काढून घेतला.

"मला पहिल्यापासून वाटत होतं. तू घाबरशील म्हणून बोलले नाही. दुसरं कोण असणार? कुणी इतक्या मायेनं उठवतं का?"

"मायेनं? अगं, नदीत गेली असतीस!"

"त्यांना कुठे माहीत आहे?" ती म्हणाली. "ते गेल्यावर गाडी सुरू झाली. स्टेशन पुढे गेलंय हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या हिशेबी आपलं स्टेशन पुलाअलीकडेच. ते बिचारे वेळेवर उठवतात. चूक त्यांची नाही."

सगळं इतकं सरळ होतं की मला रडू आलं. तीही रडली. मग मधेच हसली आणि म्हणाली, "गजर जुन्याच वेळेला लावलेला राहिलाय, एवढंच." त्यावर मीही हसले. दुःखात असलेल्या घराला असं काही मिळालं की ते कवटाळून धरतं. वासाचं मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गाडीत बसल्याबरोबर मोठ्याने सांगितलं, "बाबा, स्टेशन आता पूल ओलांडल्यावर आहे. पुलाअलीकडे नाही. पूल गेला की उठवा." गार्डने ते ऐकलं आणि नंतर फलाटावर मला सांगितलं, मुलीला डॉक्टरला दाखवा म्हणून. तरी त्या संध्याकाळी तो खोलीतून बाहेर येऊन दाराला पाठ लावून उभा राहिला; मनाने माणूस चांगला.

आणि त्या संध्याकाळी तिला पूल ओलांडल्यावर उठवलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. गार्ड आठवडाभर दारापाशी उभा राहिला, नंतर आपल्या कामाला लागला. मुलगी गाढ झोपू लागली. तिचे गाल भरले. घरी गाणं गुणगुणू लागली. "बघ, ऐकलं की नाही त्यांनी?" ती म्हणायची. ऐकलं होतं खरं. तेच माझ्या मनात राहून राहून यायचं, की ते ऐकतं. ह्यांना आयुष्यात एखादी गोष्ट एकदा सांगून कळली असं कधी झालं नाही. दळण आणा म्हटलं की आधी 'काय?' म्हणायचे, मग 'कुठून?', आणि मग विसरायचे. हे असं पहिल्याच सांगण्याला ऐकणारं कोण?

पण लेकीच्या सुखाने डोळ्यांवर झापड येते, म्हणतात. माझं तर तोंडही मिटलं होतं.

मागच्या आठवड्यात ती सहज बोलून गेली, "आता तर मी डोळेही उघडत नाही, आई. हाताला धरून दारापर्यंत नेतात."

"कोण?"

"पुन्हा तेच! बाबा."

"डोळे उघडत जा."

"उघडले की जातात ग ते," ती म्हणाली. "म्हणून नाही उघडत."

परवा मी स्टेशनवर जरा लवकर पोचले. नव्या फलाटावर छप्पर बसवायचं काम चालू होतं. गाड्यांच्या फेऱ्या आणखी वाढणार आहेत, माणसं पुन्हा येऊ लागलीत. कामावरचा इंजिनिअर मफलर गुंडाळून उभा होता. माझ्याकडे दोनदा बघून जवळ आला.

"तुम्ही गजरकाकांच्या घरच्या ना? शाळेत शिकवता?"

"हो. तुम्ही कसं ओळखता त्यांना?"

"अहो, ओळखता काय! गाडी बंद होती तेव्हाच ह्या फलाटाचं काम सुरू झालं; गावाला वाटायचं, पुलाचंच काम चाललंय. पहिला खांब रोवला त्या दिवसापासून काका रोज यायचे. पुढे पुढे काठी टेकत. इथे उभे राहून दम खायचे आणि मग आमचं डोकं खायचे."

आजारपणात हे रोज संध्याकाळी बाहेर पडायचे ते खरं. पाय मोकळे करून येतो म्हणायचे. कुठे जाता, हे मी कधी विचारलं नाही. चालतायत हेच खूप वाटायचं.

"काय म्हणायचे?" मी विचारलं.

"एकच लकडा. जुना फलाट आम्ही तसाच ठेवणार होतो, तोडायचं काम कशाला वाढवा. काका पिच्छा सोडेनात. म्हणाले, तो ठेवू नका. गाडी तिथे सिग्नलला थांबणार. आमची माणसं झोपेतली, उठली की जुन्या सवयीने तिथेच उतरतील, आणि गाडी निघून जाईल. म्हणून तोडला शेवटी." तो हसला. "म्हणायचे, माझी मुलगी ह्या गाडीने येणार आहे आणि ती पक्की झोपाळू आहे. तिला पूल ओलांडल्याशिवाय उठू द्यायचं नाही, हे मी गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवणार आहे."

मी खांबाला हात लावला. तो गार होता.

"बाई, बरं वाटत नाही का? बसा जरा."

"नाही," मी म्हणाले. "गाडी आली."

शेवटच्या डब्याचं दार उघडलं. माझी मुलगी पायरी उतरली. डोळे मिटलेले, तोंडावर हसू. उजवा हात कोपरातून थोडा उचललेला, कुणी आधार दिल्यावर असतो तसा. ती फलाटावर चार पावलं चालली, मग डोळे उघडून म्हणाली, "आई! आज लवकर?" मी तिचा तो हात माझ्या हातात घेतला. स्वेटरची बाही कोपरापाशी ओली होती. पाऊस नव्हता. तिला विचारलं तर म्हणाली, "असेल काहीतरी, नळाचं पाणी."

बाहीला नदीचा वास येत होता.

काल ती नेहमीप्रमाणे गेली, नेहमीप्रमाणे आली, जेवून गाढ झोपली. मी तिच्या उशाशी बराच वेळ बसून होते. आज सकाळी डबा भरताना दोनदा तोंड उघडलं आणि मीठ बरोबर आहे का एवढंच विचारलं.

आता संध्याकाळ झालीय. बाहेर धुकं उतरलंय. तिची गाडी शहरातून सुटली असेल आणि ती खिडकीला डोकं टेकून निर्धास्त झोपली असेल. स्टेशन कुठे आहे हे तिच्या बाबांना माहीत होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.